कोर्स पूर्ण करा, गटारं उघडी ठेवा

‘अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा.’ हे वाक्य तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर वाचलंय, मेडिकलवाल्याच्या तोंडून ऐकलंय, फॅमिली ग्रुपवर दहा वेळा फॉरवर्ड होऊन आलेलं पाहिलंय. त्याच्या पोटात एक न बोललेलं वाक्यही असतं: औषधं निकामी होतायत, कारण तुम्ही गोळ्या मध्येच सोडता. पुण्यात माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये याची पुढची आवृत्ती ऐकायला मिळते. ‘गावाकडे लोक दोन गोळ्या खातात, बरं वाटलं की सोडून देतात, त्यातून हे सुपरबग तयार होतात.’ मी उदगीरचा आहे हे माहीत असूनही बोलणारा हे माझ्याकडे बघत बोलतो.

माझं भांडण या वाक्याशी आहे. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. पण औषधाला दाद न देण्याचा गुण जिवाणूंमध्ये ज्या पद्धतीने पसरतो ती बरीचशी कॉपी-पेस्टची पद्धत आहे, आणि कॉपी-पेस्टवर माझं पोट चालतं.

आधी एक स्पष्ट करून टाकतो. टीबीच्या बाबतीत ते वाक्य शब्दशः खरं आहे. टीबीचा जिवाणू प्लाझ्मिडची देवाणघेवाण करून प्रतिरोधी होत नाही. त्याच्या स्वतःच्या डीएनएत चुकून बदल होतो, आणि औषध अर्धवट पडलं तर तो बदललेला जिवाणू मागे उरतो. तिथे कोर्स सोडणं म्हणजे स्वतःच्या छातीत प्रतिरोधी टीबी वाढवणं. टीबीच काय, कुठलंही औषध किती दिवस घ्यायचं हे डॉक्टरनेच ठरवायचं; हा लेख वाचून कोणी गोळ्या सोडू नका. माझा मुद्दा वेगळा आहे. टीबीचं तर्कशास्त्र आपण सगळ्या जिवाणूंना लावलं आणि त्यातून दोष कोणाचा हेही परस्पर ठरवून टाकलं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. १९४५ साली नोबेलच्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंगने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन विकत घेतो, पुरेसं घेत नाही, घशातले स्ट्रेप्टोकोकस जिवाणू पेनिसिलिनला सरावतात, मग ते बायकोला लागतात आणि ती दगावते. दोषी नवरा. गंमत अशी की घसा धरणाऱ्या त्या स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन आजही चालतं. गोष्टीतला जिवाणू सरावला नाही, पण गोष्ट मात्र ऐंशी वर्षं चालू आहे.

आता प्लाझ्मिडकडे येतो.

जिवाणूचा मुख्य डीएनए ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम समजा. त्याशिवाय अनेक जिवाणूंमध्ये डीएनएची छोटी, बहुतेक वेळा गोल, स्वतंत्र कडी असते. तिला प्लाझ्मिड हे नाव जोशुआ लेडरबर्गने १९५२ साली दिलं. रोजच्या जगण्यासाठी जिवाणूला ती लागतेच असं नाही. पण तिच्यावर कामाच्या गोष्टी लिहिलेल्या असू शकतात: औषध तोडणारं एन्झाइम कसं बनवायचं, पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा पंप कसा बनवायचा. आणि अनेकदा त्याच कडीवर हेही लिहिलेलं असतं की या कडीची कॉपी शेजाऱ्याला कशी द्यायची.

दोन जिवाणू जवळ आले की प्लाझ्मिडवाला एक बारीक तंतू बाहेर काढतो, तो दुसऱ्याला चिकटतो आणि दोघं एकमेकांकडे ओढले जातात. मग एक एन्झाइम कडीच्या दोन धाग्यांपैकी एकाला छेद देतं, तो धागा पलीकडे सरकतो, आणि दोन्हीकडे राहिलेला जोडधागा नव्याने तयार होतो. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. घेणारा मात्र थोड्या वेळात स्वतः देणारा होतो. मुलं जन्माला यायची वाट बघायची नाही, योग्य बदल नशिबाने घडण्याची वाट बघायची नाही. दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहिलेला, चालून दाखवलेला कोड आयता उचलायचा.

आणि घेणारा त्याच प्रजातीचा हवा अशी अट नाही. अकरावी-बारावीत आम्ही शेअरइटवरून गाणी घ्यायचो तेव्हा समोरचा फोन सॅमसंग आहे की मायक्रोमॅक्स हे कोण बघत होतं? ई. कोलाय आपल्या आतड्यात गपगुमान राहणारा जिवाणू, क्लेबसिएला आयसीयूत न्यूमोनिया देणारा, शिगेला रक्ताची हगवण लावणारा. तिघांमध्ये प्लाझ्मिड फिरतो. रोटीबेटी व्यवहाराचे आपले नियम त्यांना कोणी सांगितलेले नाहीत.

सगळंच सगळीकडे चालतं असंही नाही. परका डीएनए कापून टाकणारी एन्झाइमं जिवाणूंकडे असतात, त्यांचा अँटिव्हायरसच तो. काही प्लाझ्मिड जवळच्या नात्यातच टिकतात, काही दूरच्या प्रजातींतही टिकतात. पण जीन एका प्लाझ्मिडला बांधलेलाही नसतो. उडी मारणारे डीएनएचे तुकडे असतात, त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. त्यांच्यावर बसून जीन एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जातो. एक गाडी पुढे जात नसेल तर तो उतरून दुसरी पकडतो, एवढंच.

दोन गोष्टी मला विशेष दुष्ट वाटतात. पहिली म्हणजे बंडल. एकाच प्लाझ्मिडवर पाच-सात औषधांविरुद्धचे जीन शेजारी शेजारी असू शकतात. त्यांतलं एक औषध वापरलं तरी सगळं बंडल वाचतं. म्हणजे साध्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वापराने, जे औषध त्या घरात कधी आलंच नाही, त्याच्याविरुद्धचा जीनही जिवंत राहू शकतो. दुसरी म्हणजे अनइन्स्टॉलला बंदी. काही प्लाझ्मिड पेशीत एक टिकाऊ विष बनवतात आणि सोबत लवकर संपणारा उतारा. प्लाझ्मिड असेपर्यंत उतारा मिळत राहतो. ज्या पेशीच्या वाट्याला विभागणीत प्लाझ्मिड येत नाही, तिथला उतारा संपतो, विष उरतं, पेशी मरते किंवा तिची वाढ थांबते. ॲप काढलं की फोन बंद. असा कोड मी लिहिला असता तर नोकरी गेली असती.

आता ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य इथे लावून बघा. तुम्ही घशासाठी गोळी घेता, पण तिचा परिणाम आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंवरही होतो. त्यांचा या भानगडीशी काही संबंध नसतो. त्यांतले ज्यांच्याकडे प्लाझ्मिड आहे ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. हे पहिल्या गोळीलाही होतं आणि शेवटच्या गोळीलाही. उलट जितके जास्त दिवस, तितकी ही चाळणी जास्त चालते. मार्टिन लुएलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘बीएमजे’त जवळजवळ हेच मांडलं होतं: अनेक साध्या संसर्गांत जास्त दिवस औषध घेतल्याने प्रतिरोध टळतो याला आधार नाही, धोका गरजेपेक्षा जास्त औषधाचा आहे. ते मांडून बरीच वर्षं झाली. आपली पोस्टरं तीच आहेत.

माझ्या आत्याला मागे लघवीचा संसर्ग झाला. तीन दिवस ताप हटेना, मग कल्चर करायला सांगितलं. रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर आला. ई. कोलाय. औषधांची यादी आणि समोर एकेक अक्षर: सिप्रोफ्लॉक्सॅसिन आर, सेफिक्झिम आर, सेफट्रायअॅक्झोन आर. आर म्हणजे रेझिस्टंट, दाद देत नाही. खाली दोन-तीन औषधांपुढे एस होता, त्यांतल्या एका इंजेक्शनने ती बरी झाली. पण तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सगळ्यांसमोर सुनावलं, ‘मागच्या वेळी गोळ्या मध्येच सोडल्या असतील.’ आत्या घरी येईपर्यंत तेच बोलत होती. ‘एक बी गोळी चुकवली न्हाई की मी. बीपीची बी चुकवत न्हाई.’ तिच्या औषधाच्या डब्यावर वारांची नावं लिहिलेली आहेत, सोमवार ते रविवार. तो जिवाणू तिने बनवला नव्हता. पाण्यातून, भाजीतून, कोणाच्या हातातून कधीतरी तो तिच्या पोटात आयता, पूर्ण बंडलसह आला असणार. पण आपल्याकडे आजाऱ्याला आधी आरोपी करायची पद्धत आहे, आणि आजारी बाई असेल, साठीची असेल, लुगड्यात असेल तर विचारायलाच नको.

बाहेरून आयता येणं ही काही नवी बातमी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीचे असे रुग्ण सापडू लागले, ज्यांच्यातला शिगेला एकदम चार औषधांना दाद देत नव्हता: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन. चार वेगवेगळे बदल एकाच जिवाणूत योगायोगाने घडणं गणितात बसत नव्हतं. १९५९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की हा गुण ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकगठ्ठा इकडून तिकडे जातो. त्सुतोमू वातानाबेने १९६३ साली इंग्रजीत सविस्तर लिहिलं, तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाने मान वर केली. म्हणजे ही माहिती साठ वर्षांपासून उपलब्ध आहे.

मग आपली पाळी आली. २००८च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा क्लेबसिएला सापडला, जो कार्बापेनेम गटातल्या औषधांनाही जुमानत नव्हता. ही औषधं शेवटच्या फळीतली. तो रुग्ण आधी दिल्लीत रुग्णालयात होता. त्याच रुग्णाच्या शौचात तोच जीन मिळाला, पण ई. कोलायमध्ये. एकाच माणसाच्या शरीरात जीन प्रजाती ओलांडून गेल्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. जीनने बनवलेल्या एन्झाइमला नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१.

मार्च २०१०मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी भारतीय डॉक्टरांच्याच ‘जापी’ या नियतकालिकात लिहिलं की तीन महिन्यांत त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने मिळाले, त्यांतल्या २२मध्ये एनडीएम-१ होता. तेही एका प्रजातीत नव्हे, ई. कोलाय, क्लेबसिएला आणि इतरही. दिल्लीत कोणाला जाग आली नाही. ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये कार्तिकेयन कुमारस्वामी, टिमथी वॉल्श आणि इतरांचा लेख आला, तेव्हा मात्र आली. आणि जाग आल्यावर आपण काय केलं? नावावरून भांडलो. देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमवर डाव. नावाचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण मुंबईच्या २४ नमुन्यांना काय उत्तर होतं?

एप्रिल २०११मध्ये वॉल्श यांच्या गटाने दिल्लीतल्या पाण्याचे निकाल छापले. रस्त्यावर, गल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २मध्ये एनडीएम-१चा जीन होता. तोपर्यंत ज्यांच्यात तो कधी दिसला नव्हता अशा ११ प्रजातींमध्ये तो मिळाला, त्यांत कॉलऱ्याचा जिवाणूही होता. प्रयोगशाळेत प्लाझ्मिडची देवाणघेवाण सर्वांत जोरात चालली ३० अंश सेल्सिअसला. आमच्या मराठवाड्यात नालीतलं पाणी वर्षातले कितीतरी महिने त्याच्या आसपास असतं. त्या डबक्याने कुठला कोर्स अर्धवट सोडला होता?

दिल्ली लांब वाटत असेल तर जवळचं सांगतो. उदगीरहून हैदराबादला जाताना बीदर, जहिराबाद करत शेवटी पटानचेरू लागतं. बस तिथे आली की खिडक्या लावल्या जायच्या, लहानपणीची ती वाशाची आठवण आमच्याकडे अनेकांना असेल. ती औषध कारखान्यांची वसाहत. २००७ साली स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने तिथल्या सामाईक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे ‘शुद्ध’ केलेलं पाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. हे औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तातसुद्धा इतकं नसतं. २०११ साली त्याच परिसरातल्या नदीनाल्यांच्या गाळाचा डीएनए वाचला गेला. त्यात प्रतिरोधाचे जीन भरपूर होतेच, शिवाय ते जीन इकडून तिकडे नेणारी यंत्रणाही भरपूर होती.

ते पाणी कुठे जात होतं? ओढ्यांतून नक्कावागूत आणि तिथून मंजिरा नदीत. मंजिरा म्हणजे आपली मांजरा. बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरला पाणी पाजते, बीदरमार्गे तेलंगणात जाते, तिथे वळण घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या कडेला बिलोलीकडे येते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तीन राज्यांची नदी, तीन प्रदूषण मंडळं. पुढे पटानचेरूचं ते पाणी पाइपलाइनने हैदराबादच्या अंबरपेठ केंद्राकडे वळवलं. म्हणजे मांजरेऐवजी मुसीच्या वाट्याला.

कायद्याचं काय? जानेवारी २०२०मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नियमांचा मसुदा काढला. औषध कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा त्यात होत्या. ऑगस्ट २०२१मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. आत्याच्या दहा गोळ्यांचा हिशेब मागणारे आपण, टाकीभर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा हिशेब मात्र मसुद्यातून खोडून टाकतो.

कारखाने सोडा, आपलं स्वतःचं सांडपाणी घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७,२०० कोटी लिटरहून जास्त सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं सुमारे २,००० कोटी लिटरच खरोखर प्रक्रिया होऊन बाहेर पडतं. बाकीचं नाल्यात, ओढ्यात, शेतात. आणि नळ? उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी पाणी येणं आमच्याकडे बातमी होत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा ती झाली. अधूनमधून येणाऱ्या पाण्याचा एक दोष कमी बोलला जातो. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि जिथे फट आहे तिथून शेजारच्या नालीचं पाणी आत शिरतं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेल्या आणि अधूनमधून पाणी येणाऱ्या वस्त्यांची तुलना झाली, तेव्हा अधूनमधून येणाऱ्या नळांत घाण दाखवणारे जिवाणू जास्त वेळा सापडले. नालीतला प्लाझ्मिड माठापर्यंत येण्यासाठी याहून सोपा रस्ता कुठला?

कोंबड्यांचंही तेच. नोव्हेंबर २०१५मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाविरुद्धचा जीन, एमसीआर-१, डुकरांमध्ये आणि माणसांमध्ये प्लाझ्मिडवर सापडलाय. कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी चालत होतं. बंदी यायला जुलै २०१९ उजाडलं. उशिरा का होईना, पण आली, आणि ती कोंबडीवाल्याला ‘जागरूक’ करून नव्हे, अधिसूचना काढून आली. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी देवणीच्या नावाची गाय देशभर प्रसिद्ध आहे. जनावराचा डॉक्टर आणि माणसाचा डॉक्टर एकाच जीनच्या मागावर असायला हवेत, हे आमच्या गावात तरी कोणाला वेगळं पटवून द्यावं लागू नये.

माझ्या धंद्यातले लोक इथे म्हणतात, काळजी नको, एआय नवी औषधं शोधेल. शोधेलही. २०२० साली एमआयटीच्या गटाने मशीन लर्निंगने हॅलिसिन शोधून दाखवलं, मलाही ते वाचून भारी वाटलं होतं. पण सर्व्हरला भोक तसंच ठेवून रोज नवा पासवर्ड लावणाऱ्या टीमला आम्ही काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

‘मग काय, गोळ्या चिरमुऱ्यासारख्या खायच्या का?’ नाही. सर्दीला, व्हायरल तापाला अँटिबायोटिक खाणं हा वरच्या सगळ्या चाळणीत भर घालण्याचाच प्रकार आहे. मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवावी असा नियम आहे. तो पाळलाच पाहिजे. पण वापर हे अर्धंच उत्तर आहे. पीटर कॉलिग्नन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली देशादेशांची आकडेवारी ताडून पाहिली. अँटिबायोटिकच्या वापरापेक्षा पायाभूत सोयी आणि कारभार यांच्याशी प्रतिरोधाचा संबंध जास्त ठळक निघाला. नळ, संडास, गटार, भ्रष्टाचार. पोस्टरवर यांतलं काही नसतं, कारण पोस्टर ज्याने लावायचं त्याचीच ही कामं आहेत.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणून मी दोन लिहिलेत. पहिला नगरपरिषदेला: शहरात रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यातल्या किती लिटरवर प्रक्रिया होते, उरलेलं कुठल्या ओढ्यात जातं, पाण्याची पाइपलाइन आणि नाली एकमेकींना कुठे कुठे ओलांडतात. दुसरा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला: गेल्या वर्षी किती कल्चर झाले, कुठले जिवाणू निघाले, कुठल्या औषधापुढे किती वेळा आर आला. नाव बदलून तुमच्या गावासाठी वापरा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.